छप्पर आधी सापडते

सहा आठवडे इटलीत काढून मी पुण्यात परतले, त्या संध्याकाळी कसब्यातल्या आत्याने चहाचा कप पुढे करत विचारले, "एवढं उन्हातान्हात खणलंस, पण सापडलं तरी काय?"

"कौलं," मी म्हटले.

"कौलं?" तिने कप हातातच धरून ठेवला. "अगं, आपल्या माळ्यावर दोनशे तरी पडली असतील. मागितली असतीस तर दिली नसती का मी?"

त्या दिवशी तिला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहिते आहे.

माझा व्यवसाय जुन्या वाड्यांची मोजमापे घेऊन नकाशे काढण्याचा. पेठांमधला एखादा वाडा पाडायचे ठरले की वारसांपैकी कोणीतरी, कधी हौसेने आणि कधी वाटणीच्या भांडणापायी, त्याचा नकाशा करून घेतो, आणि मग मी टेप, ओळंबा आणि वही घेऊन चार-सहा दिवस त्या वाड्यात घालवते. या कामाच्या जोरावर एका उन्हाळी उत्खननात रेखाटनाला मदतनीस म्हणून माझी वर्णी लागली. रेखाटायला गेले खरी, पण तेथील शिस्त अशी की ज्याला खड्डा रेखाटायचा आहे त्याने तो आधी खणलाही पाहिजे. ही शिस्त योग्यच आहे, हे मला तिसऱ्या आठवड्यात स्वतःच्या चुकीने कळले. ते पुढे येईलच.

सिएना शहराच्या दक्षिणेला वीस-पंचवीस किलोमीटरवर मुर्लो नावाचे छोटे गाव आहे आणि त्याच्याजवळच्या, झाडीने भरलेल्या टेकडीला पोज्जो चिविताते म्हणतात. अमेरिकेतील ब्रिन मॉर कॉलेजचे काइल मेरेडिथ फिलिप्स यांनी १९६६ साली तेथे उत्खनन सुरू केले, आणि तेव्हापासून पिढ्या बदलल्या तरी त्या टेकडीवरचे काम उन्हाळ्यामागून उन्हाळे चालत आले आहे. टेकडीखाली दडलेली वास्तू एत्रुस्कनांची. रोमचे राज्य पसरण्याआधी मध्य इटलीत नांदलेले हे लोक स्वतःला रास्ना म्हणवीत. रोमनांनी त्यांना तुस्की म्हटले आणि त्यावरूनच त्या प्रांताला तोस्काना हे नाव मिळाले. त्यांची लिपी ग्रीक वर्णमालेवरून आलेली असल्यामुळे अक्षरे वाचता येतात, भाषा मात्र थोडीथोडकीच उलगडते. एत्रुस्कन म्हटले की पुस्तकांत बहुतेक करून थडगी आणि त्यांतली रंगवलेली चित्रे येतात. त्यांची घरे कशी होती, हे सांगणारी स्थळे त्या मानाने फार थोडी आहेत, आणि या टेकडीचे मोल त्यातच आहे.

तेथील सर्वांत प्रसिद्ध इमारत इ.स.पू. सहाव्या शतकाच्या आरंभीची. सुमारे साठ-साठ मीटर लांबीच्या चार बाजू, मधे मोकळा चौक, चौकाच्या तीन अंगांना खांबांची ओसरी. तिचा नकाशा पहिल्यांदा समोर आला तेव्हा माझ्या तोंडून "हा तर चौसोपी वाडा!" असे निघून गेले आणि शेजारच्या मुलीला त्याचा अर्थ समजावून सांगण्यात अर्धा तास गेला. खाली दगडांचा पाया, त्यावर मातीच्या भिंती, वर लाकडाचे वासे आणि त्यांवर भाजलेली कौले. हे साम्य नात्यागोत्याचे नाही, आणि तसे सुचवणाऱ्यांचा मला राग येतो. माती, लाकूड आणि कौल ही तीनच साधने हाताशी असली, पाऊस अडवायचा असला आणि उजेड आत घ्यायचा असला, की माणसे जगाच्या पाठीवर कुठेही साधारण त्याच उत्तरापाशी येतात, एवढाच त्याचा अर्थ.

कामाचा दिवस पहाटे सुरू होई. सूर्य वर येण्याआधी टेकडी चढून जायची, कारण जुलैमध्ये अकरानंतर जमिनीतून वाफा निघू लागतात आणि कोरड्या मातीचे रंग एकमेकांत मिसळून जातात. खड्ड्यावरचे प्लॅस्टिक काढणे हे पहिले काम; त्याखाली रात्रभर साठलेला ओलावा असतो आणि अनेकदा एखादा बेडूकही. मग खड्डा झाडून घ्यायचा, सावल्या पडण्याआधी छायाचित्र काढायचे, ठरलेल्या खुणेपासून उंची मोजायची आणि ती वहीत लिहायची. हे सारे होईपर्यंत तास-सव्वा तास जातो आणि अजून एक चिमूटही माती उकरलेली नसते. पहिल्या दिवशी मला हा वेळेचा अपव्यय वाटला होता. मोजमापाच्या कामात मुरलेल्या माणसाने असे वाटून घ्यावे, हे लिहितानाही थोडी लाज वाटते.

हत्यारे ओळखीची होती. टिकाव, फावडे, घमेले, चाळण, ब्रश, आणि सर्वांत अधिक वापरली जाणारी, पानाच्या आकाराची छोटी टोकदार थापी. आपल्याकडचा गवंडी थापीने माती चढवतो, उत्खनक तिच्या कडेने माती खरवडतो. गुडघे टेकून, थापी आडवी धरून, स्वतःच्या दिशेने पातळ थर ओढत यायचे. असे केल्याने मागे जो ताजा पृष्ठभाग राहतो त्यावर आपला पाय पडत नाही आणि मातीचा रंग व पोत उघडा दिसतो. टेकडीवर ओकची झाडी असल्यामुळे मुळांचा उपद्रव मोठा. मूळ उपटायचे नाही, कात्रीने कापायचे, कारण उपटले की त्याच्याबरोबर दोन थरांची माती एकत्र वर येते.

मातीचा रंग ठरवायला मन्सेल नावाची एक वही असते. तिच्या पानांवर रंगांच्या चौकोनी चिकट्या लावलेल्या असतात. मातीचा खडा किंचित ओला करून त्या रंगांशी ताडून पाहायचा आणि जुळणाऱ्या रंगाचा आकडा लिहायचा. 'तपकिरी' असे लिहिलेले चालत नाही, 'साडेसात वाय-आर, चार बाय चार' असे लिहावे लागते. माझ्या खड्ड्यात आम्ही तिघे होतो आणि एकाच खड्याला तिघांनी तीन आकडे दिले, असेही घडले. तेव्हा भांडण सोडवायला चौथ्याला बोलवायचे नाही, तर उन्हाकडे पाठ करून, वही स्वतःच्या सावलीत धरून तिघांनी पुन्हा पाहायचे, असा नियम होता. घरोघरी पाळावा असा नियम आहे.

अगदी तळाला तोस्कानात ज्याला गालेस्त्रो म्हणतात तो भुसभुशीत, पापुद्र्यांचा खडक लागतो. तो लागला की माणसाची वस्ती संपली. "मुरूम लागला" हे आपल्याकडचे वाक्य मी तेथे सहज बोलून गेले आणि नंतर ते तिघांच्या तोंडी बसले. सहा आठवड्यांच्या शेवटी एक अमेरिकन मुलगा शांतपणे "मुरूम" म्हणत थापी खाली ठेवत असे.

आता कौलांकडे येते. मातीच्या भिंतीची इमारत पडते तेव्हा ती क्रमाने पडते. आधी वासे जळतात किंवा कुजतात, छप्पर खाली बसते, कौले जमिनीवर फुटून पसरतात. आधार गेलेल्या भिंती मग पुढच्या पावसाळ्यांत विरघळून त्या कौलांवर आणि कौलांभोवती पसरतात. वरून खणत जाणाऱ्या माणसाला म्हणून विरघळलेल्या भिंतीचा थर, मग कौलांची पडझड, आणि तिच्याखाली, नशीब असेल तर, माणसे चालत होती ती जमीन, असा क्रम लागतो. कौलांची ती पडझड म्हणजे जमिनीवरचे झाकण. ज्या क्षणी छप्पर बसले त्या क्षणी जमिनीवर जे होते ते तिच्याखाली तसेच राहिले. कौले उचलायची ती त्यासाठी, आणि घाईने उचलायची नाहीत तीही त्यासाठीच.

ही कौले दोन जातींची. एक मोठे सपाट कौल, ज्याच्या दोन लांब कडा बोटभर वर वळवलेल्या असतात. दुसरे अर्धगोल, आपल्या कोकणातल्या नळीच्या कौलासारखे. सपाट कौले शेजारी-शेजारी मांडायची आणि दोघांच्या कडा जेथे भिडतात त्या सांध्यावर अर्धगोल कौल पालथे घालायचे. मंगलोरी कौल पाहत वाढलेल्या माणसाला हे अवजड वाटते. मंगलोरी कौल पुष्कळ अलीकडचे, बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कारखाना काढल्यानंतरचे, आणि त्याला खाचा असल्यामुळे ते एकमेकांत अडकते. एत्रुस्कन सपाट कौल त्याच्या कितीतरी पट जड असते आणि बहुतांशी आपल्या वजनानेच जागेवर बसते. एवढा भार पेलायला खालचे लाकूडही तसेच हवे. म्हणजे कौलाच्या जाडीवरून वाशाचा, आणि वाशावरून भिंतीच्या रुंदीचा अंदाज बांधता येतो. वाड्यांच्या कामात मी उलट दिशेने जात आले होते. भिंत समोर उभी, छप्पर नाहीसे झालेले. तेथे छप्पर हातात आणि भिंत शोधायची.

पडझड उघडी करण्याचे काम माझ्या वाट्याला आले ते जेमतेम दोन मीटरच्या चौकोनाचे होते आणि त्याला आठ दिवस लागले. एकेका तुकड्याभोवतीची माती बांबूच्या काडीने आणि ब्रशाने काढायची, पण तुकडा हलवायचा नाही. सारे तुकडे उघडे झाले की वर दोऱ्यांची जाळी ताणायची आणि प्रत्येक तुकडा आलेखाच्या कागदावर एकास दहा प्रमाणात उतरवायचा. येथे माझा हात बसलेला होता, त्यामुळे मी खुशीत होते. रेखाटता रेखाटता लक्षात आले की तुकडे कसेही विखुरलेले नाहीत. अर्धगोल कौलांचे तुकडे एका ओळीत येत होते, मग हातभर अंतर सोडून दुसरी ओळ, आणि मधे सपाट कौले, बरीचशी पाठ वर करून. छपराचा तो तुकडा घसरत खाली येऊन पालथा झाला होता आणि पडल्यावरही आपली वीण विसरला नव्हता. कागदावर उमटलेली ती वीण पाहून मी पेन्सिल खाली ठेवली आणि पाणी प्यायला उठले. दुसरे काही करण्यासारखे नव्हते.

सहाशे-सातशे तुकड्यांपैकी जपून ठेवण्याजोगे मूठभरच निघाले. बाकीच्यांची मोजणी करायची, तराजूवर वजन करायचे, आकडा वहीत लिहायचा. आत्याला हा भाग ऐकवला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे रद्दीवाल्यासारखं." अगदी तसेच. फरक एवढाच की आपल्याला रद्दी कुठल्या खोलीतून निघाली हेही लिहून ठेवायचे असते, कारण कौलांचे वजन जेथे एकदम कमी होते तेथे छप्पर संपून मोकळी जागा सुरू झाली असण्याचा संभव असतो.

आता ती चूक. पडझडीच्या वरच्या थरात, खड्ड्याच्या पूर्व कोपऱ्यात, पिवळसर चिकट मातीचा एक पट्टा लागला. आजूबाजूची माती काळपट आणि भुसभुशीत होती, म्हणून मला तो झाडाच्या मुळाने वर आणलेला चिखल वाटला, आणि मी त्यावर थापी फिरवत चार-पाच सेंटिमीटर माती घमेल्यात भरून टाकली. खड्ड्याची प्रमुख माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेली मुलगी होती. ती येऊन उकिडवी बसली, त्या मातीचा एक ढेकळा तिने बोटांत फोडला आणि मला दाखवला. आत गवताच्या काड्यांचे ठसे होते. ती भिंत होती. काड्या घालून मळलेली, ठोकून बसवलेली आणि शेवटी खाली आलेली मातीची भिंत. मी तिचा माथा खरवडून चाळणीत टाकला होता.

ती रागावली नाही, म्हणून अधिक वाईट वाटले. वीस वर्षे मी पुण्याच्या वाड्यांत हेच पाहत आले आहे. छप्पर गेलेल्या वाड्याची मातीची भिंत चार पावसाळ्यांत कशी सुटत जाते, तिच्यातले भुसकट कसे दिसते, तिचा पांढुरका चिखल जोत्यावरून कसा ओघळतो, हे मला डोळे मिटूनही सांगता येईल. जुन्या गावठाणाच्या अशाच विरलेल्या मातीला आपण पांढर म्हणतो. आपल्याकडच्या पुरातत्त्वज्ञांचे डोळेही पांढरीच्या टेकाडांवरच तयार झालेले आहेत. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने जे उत्खनन केले, त्यात घरे सापडली ती अशाच मातीतून. कुडाच्या भिंतींचे अवशेष, खांबांची भोके, चोपलेली जमीन, चुली. दगडी बांधकाम नव्हे. एवढे सगळे ठाऊक असून मी तोस्कानातली पांढर ओळखली नाही, याचे कारण ती पिवळी होती. त्या दिवशीच्या नोंदवहीत मी "वरचे चार ते पाच सेंटिमीटर, रेखाटनकाराच्या चुकीने, नोंदीविना काढले गेले" असे लिहिले आणि खाली सही केली. ते वाक्य आता त्या टेकडीच्या दप्तरात कायमचे आहे.

दुपारी जेवणानंतर खापरे धुण्याचे काम. टब, टूथब्रश आणि गप्पा. बुकेरो नावाची काळी, आतपर्यंत काळी, चकचकीत भांडी ही एत्रुस्कनांची खास ओळख. भट्टीत हवा रोखून धुरात भाजल्याने तो रंग येतो. त्यांचे तुकडे फार जोरात घासले की चकाकी जाते. सूतकताईच्या चात्या आणि मागावर किंवा विणकामात वापरायच्या मातीच्या छोट्या रिळांचे प्रमाण या टेकडीवर मोठे आहे, आणि माझ्या खड्ड्यातूनही एक रीळ निघाले, अंगठ्याएवढे, दोन्ही टोकांना फुगीर. त्याचा फोटो आत्याला दाखवल्यावर तिने कौलांचा विषय सोडून पहिल्यांदा चष्मा लावला.

शेवटी मला त्या जुन्या कार्यशाळेबद्दल लिहायचे आहे, जी माझ्या खड्ड्यात नव्हती, पण जिच्यामुळे मी कौलांकडे नीट पाहू लागले. चौकवाल्या इमारतीच्या आधी त्याच टेकडीवर तीन इमारती होत्या, इ.स.पू. सातव्या शतकातल्या. त्यांपैकी एक म्हणजे पन्नास मीटरहून लांब असलेली, भिंतींशिवायची शेड. दगडी तळखड्यांवर उभे खांब आणि वर कौलांचे छप्पर, इटलीतल्या सर्वांत जुन्या कौलारू छपरांपैकी एक. त्या एका छपराखाली कासे ओतले जाई, हाड, शिंग आणि हस्तिदंत कोरले जाई आणि कौलेही घडवली जात. शतक संपता संपता तिन्ही इमारतींना आग लागली. त्या वेळी शेडमध्ये नुकतीच थापलेली, न भाजलेली ओली कौले वाळत घातलेली होती. आग पाहून पळणाऱ्या माणसांचे पाय त्या कौलांवर पडले, आणि वरून कोसळलेल्या जळत्या छपराने ती पाऊलखुणांसकट भाजून पक्की केली.

ही कौले मुर्लोच्या संग्रहालयात पाहायला मिळतात. त्याच संग्रहालयात चौकवाल्या इमारतीच्या छपरावरचे रुंद काठाची उंच टोपी घातलेले, दाढीवाले मातीचे पुतळे आहेत, आणि येणारे जाणारे त्यांच्याकडेच पाहतात. गावकरी त्यांना लाडाने काऊबॉय म्हणतात. मी पाऊलखुणेपाशी बराच वेळ उभी होते. टाच खोल गेलेली, बोटांपाशी चिखल मागे ढकलला गेलेला. आमच्या शनिवारवाड्याला १८२८ च्या फेब्रुवारीत आग लागली आणि ती सात दिवस धुमसत होती असे सांगतात. मागे राहिली ती दगडी जोती आणि बाहेरचा कोट. लाकडी मजल्यांतून कोण कसे पळाले, हे सांगणारे एकही पाऊल तेथे उरलेले नाही. ओली कौले वाळत घातलेली नव्हती, एवढेच.

चौकवाली इमारत मात्र आगीने गेली नाही. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती कोणीतरी ठरवून पाडली, पुतळे फोडून पुरले, भोवती मातीचा बांध घातला, आणि नंतर तेथे कोणी घर बांधले नाही. ती एखाद्या सरदाराचा वाडा होती की आसपासच्या गावांनी एकत्र जमण्याची जागा, यावर अभ्यासकांत पन्नास वर्षे वाद आहे. फिलिप्स यांचा कल दुसऱ्या मताकडे होता. माझा कल, माझ्या धंद्यामुळे असेल, वाद न सोडवण्याकडे आहे. कसब्यातल्या ज्या वाड्यात आत्या राहते त्याच्या एका सोप्यात पूर्वी कचेरी भरत असे, दुसऱ्यात गणपतीची आरास, मागच्या बाजूला गोठा आणि वर बिऱ्हाडे. त्याच्या जोत्यावरून अडीच हजार वर्षांनी कोणी 'वाडा की कचेरी' असे विचारले तर दोन्ही उत्तरे चुकतील.

हंगाम संपताना खड्डा पुन्हा भरावा लागतो. तळावर कापड अंथरायचे, त्यावर आपणच महिनाभर काढलेली माती घमेल्यांनी परत टाकायची. त्याआधीचे शेवटचे काम म्हणजे खड्ड्याच्या चार बाजूंच्या उभ्या कडांचे रेखाटन, कारण थरांचा क्रम त्या कडांतच सलग दिसतो. पूर्वेची कड मी काढली. वर मुळांची काळी माती, तिच्याखाली पिवळी भिंत, जिचा माथा माझ्या थापीने सरळ रेषेत छाटलेला होता आणि जो मला तसाच, सरळ रेषेतच काढावा लागला, आणि भिंतीखालून अर्धे बाहेर आलेले एक सपाट कौल. त्याची वळवलेली कड पूर्ण होती. ओढून काढावे असे तिघांनाही वाटत होते. पण उरलेले अर्धे कौल पुढच्या चौकोनात होते आणि तो चौकोन आमचा नव्हता. मी त्याची जाडी मोजली, कागदावर उतरवली, आणि मग आम्ही त्यावर माती टाकली.